लिंबूटिंबू नव्हे, गडी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर आयुष्यभर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. वेळापत्रकातला सगळ्यांत आधी कापला जाणारा तास त्यांच्या वाट्याला होता. दहावीचं गणित मागे पडलं की पीटीचा तास जातो. स्नेहसंमेलन जवळ आलं की जातो, पाऊस आला की जातो, कुणी शिक्षक रजेवर असले की जातो. जो तास धडधाकट मुलांनाही पुरता मिळत नाही, त्यात दिव्यांग मुलांचा वाटा मागायला मी आज उभा आहे. तरीही मागतो आहे, कारण हा वाटा देण्यासाठी पीटीच्या तासाची जी नवी आखणी करावी लागते, तिचा लाभ वर्गातल्या प्रत्येक मुलाला होतो. माझ्या मैदानावरच्या वर्षांनी मला शिकवलेली ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे.

कोणत्याही शाळेत पीटीच्या तासाला मैदानावर जाण्याआधी वर्गात डोकावून बघा. पन्नास-साठ मुलं धावत बाहेर गेलेली असतात आणि मागे एखादं मूल राहिलेलं असतं. पायात कॅलिपर असलेली मुलगी असेल, फिट येणारा मुलगा असेल, जाड भिंगाच्या चष्म्यातूनही फळा न दिसणारं कुणी असेल. दप्तरं, डबे आणि घड्याळं राखायचं काम त्याच्याकडे असतं. कुणीही दुष्टपणाने त्याला तिथे बसवलेलं नसतं. बाई प्रेमाने म्हणतात, “तू बस हं बाळा, तुला त्रास नको.” आईने शाळेत येऊन सांगितलेलं असतं की पडेल, लागेल. डॉक्टरांच्या दाखल्यावर एक ओळ असते: शारीरिक शिक्षणातून सूट द्यावी. पाचवीत मिळालेली ही सूट दहावीपर्यंत चालते. मधल्या वर्षांत मूल वाढतं, त्याच्यावर शस्त्रक्रिया होते, नवा कॅलिपर येतो, पण तो दाखला पुन्हा कुणी उघडत नाही.

माझा आक्षेप आधी या सूट देण्यावर आहे. मुलाला गणित जड जातं म्हणून आपण त्याला गणिताच्या तासाला दप्तरं राखायला बसवत नाही. अध्ययन अक्षम मुलांना राज्य मंडळ सोपं अंकगणित घेण्याची मुभा देतं, म्हणजे पर्याय देतं. मोकळं बसवून ठेवायचा प्रघात फक्त आमच्या विषयात आहे, आणि त्याची किंमत शरीर मोजतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बहुतेक मुलांचे स्नायू ताठरलेले असतात. ते नियमित ताणले गेले नाहीत, तर वाढत्या वयात आखडत जातात आणि सांधा पुरता उघडेनासा होतो. बसून राहणाऱ्या मुलाचं वजन वाढतं, हाडं कच्ची राहतात, आणि मग थोडं चालणंही जड होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत पाच ते सतरा वयाच्या दिव्यांग मुलांसाठीही दिवसाला सरासरी किमान साठ मिनिटांच्या मध्यम ते दमदार हालचालीची शिफारस आहे. इतर मुलांसाठी आहे तेवढीच. आपल्याकडे मात्र ज्या शरीराला व्यायामाची गरज सर्वाधिक, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो.

सूट न देणाऱ्या शाळाही आहेत. त्या मुलाला मैदानावर आणतात आणि खेळात घेतात. पण घेतात कसं, ते पाहायला हवं. आपल्या गल्लीतल्या खेळांत एक जुनी सोय आहे. धाकटं भावंड मागे लागलं की त्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायचं. ते धावतं, ओरडतं, हसतं, पण ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. तीन-चार वर्षांच्या पोरासाठी ही सोय फार मायेची आहे, कारण ती तात्पुरती असते. दोन वर्षांत ते पोर मोठं होतं आणि त्याच्यावर राज्य येतं. त्या दिवशी ते रडतं, आणि त्याच दिवशी ते गडी होतं. दिव्यांग मूल मात्र नववीतही लिंबूटिंबूच असतं. त्याच्या हातात चेंडू गेला की सगळे थांबतात, त्याला मुद्दाम एक गोल करू देतात, टाळ्या वाजवतात. त्या मुलाला हे कळत नसेल असं मानणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. मतिमंद म्हणून ज्यांची नोंद असते, अशा मुलांनाही आपण खऱ्या खेळात आहोत की खोट्या, हे पक्कं कळतं. मी ते त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: समावेशक शारीरिक शिक्षण म्हणजे त्या मुलावर राज्य येईल असा खेळ. त्याने पकड केली तर गुण मिळाला पाहिजे, तो चुकला तर संघाचा गुण गेला पाहिजे, आणि तो नसला तर संघाचं अडलं पाहिजे.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याचं कलम १६ शैक्षणिक संस्थांवर जबाबदारी टाकतं की दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबर खेळाच्या आणि करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात. कलम ३० पूर्णपणे क्रीडेवरच आहे. त्यात अभ्यासक्रमांची फेररचना, मैदानांची आणि सोयींची फेरआखणी, प्रशिक्षणासाठी निधी, सगळं आहे. त्याआधी भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर शिक्कामोर्तब केलं. त्या कराराच्या तिसाव्या अनुच्छेदात शाळेतल्या खेळांचा स्पष्ट उल्लेख आहे. अमेरिकेने १९७५ साली विशेष शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा ‘विशेष शिक्षण’ याची व्याख्या करतानाच शारीरिक शिक्षणाचं नाव घेतलं. म्हणजे आमच्या विषयाला मधल्या सुट्टीच्या रांगेत न बसवता थेट व्याख्येत जागा दिली. कायद्याबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाही. कायदा माहीत नाही म्हणून शाळा अडलेली नाही. ती अडली आहे ‘मैदानावर नेमकं करायचं काय’ या प्रश्नाशी.

तिकडे वळण्याआधी पदकांबद्दल दोन शब्द. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदकं जिंकली. त्यात आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक करून मिळवलेलं रौप्य आहे. सांगली जिल्ह्यातल्याच पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण मिळवलं होतं. आपली मान या माणसांनी उंचावली. पण पेटकरांची गोष्ट मुलांना सांगताना एक भाग सुटतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागण्याआधी ते सैन्यात बॉक्सिंग करत होते. शरीर कसं कमवायचं, दम कसा राखायचा, हरल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानात कसं उतरायचं, हे त्यांचं शरीर आधीच शिकलेलं होतं. पॅरालिम्पिक चळवळीचा उगमही असाच आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली, तेव्हा व्हीलचेअरवरचे ते स्पर्धक युद्धात जायबंदी झालेले माजी सैनिक होते. कमावलेलं शरीर त्यांच्याकडे होतं. जन्मापासून अपंगत्व घेऊन आलेल्या मुलाला हा पाया कुठे मिळणार? ज्याला घरी कुणी धावू देत नाही आणि तालमीत कुणी घेत नाही, त्याला शाळेचा पीटीचा तास हीच एक जागा उरते. तिथेही तो दप्तरं राखत बसला, तर आपण त्याच्याकडून पदकाचं स्वप्न कोणत्या तोंडाने पाहायचं? आणि पदक हा काही प्रत्येक मुलाचा हेतूही नसतो. बहुतेक मुलांना फक्त खेळायचं असतं.

आता मैदान.

आपल्या मातीतल्या खेळांकडे या नजरेने पाहिलं की मन हरखून जातं. खो-खो घ्या. खो देताना पाठीवर हात लागला पाहिजे आणि ‘खो’ मोठ्याने म्हटलं गेलं पाहिजे. ज्याला ऐकू येत नाही त्याला स्पर्श कळतो आणि ज्याला दिसत नाही त्याला आवाज कळतो. कर्णबधिर मूल खो-खोच्या रांगेत बसवायला एकही नियम बदलावा लागत नाही. फक्त शिट्टीच्या जोडीला पंचांनी रंगीत रुमाल उंचावायचा. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम सतत ऐकू येतो, म्हणजे तो कुठे आहे याची हाक तोच देत असतो. कमी दिसणारा गडी साखळीत शेजाऱ्याचा हात धरून उभा राहिला, तर शेजाऱ्याच्या मनगटाच्या ओढीवरून त्याला कळतं की पकड कुठे होते आहे. साखळीत हात धरणं ही तर कबड्डीची रोजची रीतच आहे. लंगडीत आपण धडधाकट पोराला एक पाय उचलून ठेवायला लावतो आणि मग दोन पायांवर पळणाऱ्यांना बाद करायला सांगतो. बंधन घालूनच तो खेळ रंगतो, आणि त्यात कुणाला अन्याय दिसत नाही.

मल्लखांबाबद्दल थोडं अधिक बोलावंसं वाटतं. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दिव्यांग आणि अनाथ मुलांपर्यंत हा खेळ नेण्याचं त्यांचं काम त्या निमित्ताने देशासमोर आलं. अंध मुलांसाठी मल्लखांब का जमतो, हे समजून घेण्यासारखं आहे. चेंडू उडतो, प्रतिस्पर्धी पळतो, पण खांब जागचा हलत नाही. हाताची पकड, मांडीची तिढी आणि पायाच्या अंगठ्याचा दाब यांवर सगळा खेळ चालतो, त्यात डोळ्याचं काम थोडं. अंध मुलाला मोकळ्या जागेत भीती वाटते, कारण पुढे काय आहे ते ठाऊक नसतं. खांबावर चढलं की पुढे काय आहे ते हातालाच कळतं. एखाद्या खेळातलं कोणतं अंग कोणत्या इंद्रियावर चालतं, असा विचार क्रीडाशिक्षकाने एकदा करायला घेतला की त्याच्यासमोर वाटा उघडत जातात.

क्रिकेटचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. अंधांच्या क्रिकेटचा पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीत झाला. चेंडूत छर्रे असतात, ते वाजतात. गोलंदाजी खालून सरपटत करायची. पण मला त्यातले दोन वेगळे नियम फार मोलाचे वाटतात. अकरा जणांत किमान चार गडी पूर्ण अंध असलेच पाहिजेत. आणि पूर्ण अंध फलंदाजाने काढलेली धाव दुप्पट मोजतात. म्हणजे कर्णधाराला तो गडी दयेपोटी नव्हे, जिंकण्यासाठी लागतो. शाळेच्या मैदानावर आपल्याला असेच नियम घडवायचे आहेत.

यावर क्रीडाशिक्षकांचा एक आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. नियम बदलले तर खेळ खेळ राहतो का? चांगल्या खेळाडूवर अन्याय होत नाही का? अमेरिकेत केसी मार्टिन या गोल्फपटूच्या खटल्यात हाच प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. पायाच्या आजारामुळे त्याला एका खड्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने गाडी मागितली. स्पर्धा भरवणारे म्हणाले, चालणं हा खेळाचाच भाग आहे. २००१ साली न्यायालयाने मार्टिनच्या बाजूने निकाल दिला: गोल्फचा गाभा चेंडू मारण्यात आहे, चालण्यात नाही. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्पे पडू देतात, तरी ते टेनिसच राहतं. क्रीडाशिक्षकाने प्रत्येक खेळासमोर हाच प्रश्न ठेवावा की याचा गाभा कशात आहे. लगोरीचा गाभा नेम धरण्यात आणि चपट्या दगडांची लगोर रचण्यात आहे. पळणं दुसऱ्याने केलं तर लगोरी बिघडत नाही. शिवाय खो-खो, कबड्डीचे नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांत माणसांनी बसून ते विसाव्या शतकात बांधले आणि नंतर अनेकदा बदलले. तालुका पातळीवरच्या स्पर्धेत ठरलेले नियम जरूर पाळा. पण आठवडाभराच्या पीटीच्या तासांना तिथल्या पुस्तकाची सक्ती कशाला?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खोटा नाही, आणि इथे ढोबळ उत्साह चालत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना कोलांटी मारायला लावणं धोक्याचं आहे. मेंदूतलं पाणी काढण्यासाठी शंट बसवलेल्या मुलाने चेंडूला डोक्याने मारू नये. फिट येणाऱ्या मुलाला दोरावर किंवा खांबावर एकटं चढवू नये, पण धावण्यापासून त्याला अडवायचं कारण बहुतेक वेळा नसतं. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या मुलाला दमेपर्यंत व्यायाम दिला तर अपाय होतो. आणि विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या शिक्षकांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी: सिकलसेल हे कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांपैकी एक अपंगत्व आहे, आणि ते दिसत नाही. ते मूल चारचौघांसारखं दिसतं. कडक उन्हात पाणी न पिता त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तर रात्री हाडं फुटल्यासारख्या वेदना सुरू होऊ शकतात. अशा मुलाला हवं ते इतकंच: हवं तेव्हा पाणी, मागताच विश्रांती, थंडीपावसात भिजू न देणं. विश्रांती मागणाऱ्या मुलाला आळशी म्हणणारा शिक्षक त्याचं मोठं नुकसान करतो.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न बदलायला हवा. ‘याला सूट द्यावी का?’ असं विचारलं की डॉक्टर ‘द्यावी’ म्हणतात. जबाबदारी कोण घेणार? त्याऐवजी एका कागदावर विचारा: काय करता येईल, काय टाळायचं, कोणती खूण दिसली की थांबायचं. हा कागद दरवर्षी जूनमध्ये नवा भरून घ्यायचा. आयांशी बोलतानाही हाच सूर हवा. पडेल ही त्यांची भीती खरी आहे. कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद पोराला आधी पडायला शिकवतात. कॅलिपर घातलेल्या मुलीला गादीवर कुशीवर पडायला आणि हात न मोडता सावरायला शिकवा. त्या आईला एकदा हे बघायला बोलवा. तिची अर्धी भीती तिथेच जाईल.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड आहे: साठ मुलं, एक शिक्षक, अर्धं मैदान, आणि कित्येक शाळांत तेही नाही. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. मात्र साठ मुलांना एका रांगेत उभं करून कवायत घेणं किंवा दोन संघांना चेंडू देऊन बाकीच्यांना बघत बसवणं, यात धडधाकट मुलंही बसूनच असतात. जाड मुलं, लाजरी मुलं, वयात आलेल्या मुली अशा कितीतरी जणांना त्या तासाचा धसका असतो. फक्कीने मैदानाचे चार भाग आखा. एकीकडे नेमबाजी, म्हणजे बादलीत चेंडू टाकणं, तीन वेगवेगळ्या अंतरांवरून, जवळची रेघ एक गुण, लांबची तीन. दुसरीकडे तोल सांभाळणं, तिसरीकडे झेल, चौथीकडे धावणं. दर दहा मिनिटांनी गट फिरतात. कुणी कोणत्या रेघेवरून फेकायचं, ते मुलानेच ठरवायचं. यात दिव्यांग मुलासाठी वेगळं काहीच केलेलं दिसत नाही, तरी त्याची जागा तयार होते. चेंडूत घुंगरू घाला, किंवा चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, तो सरकताना सळसळतो. अंध मुलाला ‘तिकडे पळ’ म्हणू नका, ‘माझ्या आवाजाकडे ये’ म्हणा. त्याच्याबरोबर धावणाऱ्या जोडीदाराच्या आणि त्याच्या हातात एक आखूड दोरी द्या. कर्णबधिर मुलांशी बोलताना ऊन तुमच्या तोंडावर येईल असे उभे राहा, म्हणजे त्यांना तुमचे ओठ दिसतील. स्वमग्न मुलाला तासाचा क्रम चित्रांनी आधी दाखवा आणि त्याच्या कानाजवळ शिट्टी फुंकू नका. समग्र शिक्षा अभियानातून शाळांना खेळाच्या साहित्यासाठी अनुदान मिळतं, प्राथमिकला पाच हजारांपर्यंत, उच्च प्राथमिकला दहा हजारांपर्यंत. घुंगरांचे चेंडू त्यात सहज बसतात.

पैशापेक्षा मोठी अडचण मला माणसांच्या जोडणीची दिसते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक शाळेत येतात ते वाचन-लेखनासाठी. मैदानावर ते जात नाहीत, आणि क्रीडाशिक्षक त्यांना विचारत नाहीत. एकाला मूल माहीत आहे, दुसऱ्याला खेळ माहीत आहे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, सामान्य शाळा शालेय शिक्षण व क्रीडा विभागाकडे. विशेष शाळांच्या स्वतःच्या क्रीडास्पर्धा होतात, आणि त्या चांगल्या होतात. सामान्य शाळेत शिकणारं दिव्यांग मूल मात्र बहुधा त्या स्पर्धांतही नसतं आणि आपल्या तालुक्याच्या संघातही नसतं. ज्या जिल्ह्यात शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, तिथल्या प्रशिक्षणार्थींनी सराव पाठांतले काही पाठ विशेष शाळेत आणि काही दिव्यांग मुलं असलेल्या सामान्य वर्गावर घेतलेच पाहिजेत. पुस्तकात ‘अनुकूलित शारीरिक शिक्षण’ हे प्रकरण वाचून व्हीलचेअरवरच्या मुलाला झेल शिकवता येत नाही.

मूल्यमापनाचं एक सांगतो. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे, आणि दिव्यांग मुलाला बहुतेक वेळा न बघताच एक बरी श्रेणी दिली जाते. हेही लिंबूटिंबूपणच. जूनमध्ये ते मूल कुबड्यांवर किती पावलं न थांबता चाललं, आणि जानेवारीत किती, ही नोंद ठेवा आणि त्यावरून श्रेणी द्या. कमी आली तर कमी द्या.

आणि समोर बसलेल्या मुख्याध्यापकांना एक विनंती. बहुतेक शाळांच्या वार्षिक क्रीडास्पर्धा डिसेंबरच्या सुमारास होतात. त्यांत शेवटी ‘दिव्यांगांसाठी लिंबू-चमचा’ असा एक कार्यक्रम असतो, आणि सगळ्यांना बक्षीस असतं. तो या वर्षी घेऊ नका. त्याऐवजी रिले ठेवा. ज्या वर्गात दिव्यांग मूल आहे, त्या वर्गाच्या चार जणांच्या संघात ते असलंच पाहिजे. व्हीलचेअरचा टप्पा किती मीटरचा, कुबडीचा किती, हे वर्गांनी आपसांत बसून आधी ठरवायचं. भांडण झालं तर होऊ द्या, क्रीडाशिक्षकांनी पंच व्हायचं. बॅटन हातातून सुटली तर तो संघ मागे पडेल, मग ती कुणाच्याही हातातून सुटो. त्या रिलेचा सराव दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू करावा लागेल.